गुणवंतानं गाळलेला शब्द

पांढुर्ण्यात कुणाचं काय हरवलं, कुणाचं काय विकायचं राहिलं आणि रात्रीतून कोण गेलं, हे लोकांना गुणवंता खोडे सांगत असे. ऑटोच्या टपावर भोंगा, भोंग्याला वायर, वायरीला माईक आणि माईकला गुणवंता. संत्र्याच्या बागेचा लिलाव त्यानं पुकारला, की ज्याला बाग घ्यायची नाही तोही सायकल थांबवून ऐकत उभा राही. नदीवरच्या गोटमारीच्या जत्रेच्या आदल्या दिवशी "कृपया गोटे मारू नका" हे प्रशासनाचं आवाहन तो इतक्या गोड आवाजात करी, की लोक मन लावून ऐकत आणि दुसऱ्या दिवशी निवांत गोटे मारायला जात. सरकारी ऐलान हिंदीत, धंद्याचं मराठीत, हा त्याचा शिरस्ता. मयताचं मात्र दोन्हीत. "मेलेल्या मानसाचे नातेवाईक दोन्हीकून रायतेत," असं त्याचं म्हणणं.

राहायला तो तिगावला होता. बायको वंदना, आठवीतली पोरगी प्रणाली आणि दारात ऑटो, असा नीटनेटका संसार. पण एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसात एक खोट होती. गडी कमालीचा लाजाळू होता. बनियन-चड्डीचा सेल लागला, तर तो "अंगाला लागून रायनारे कपडे" म्हणे. मूळव्याधीचा डॉक्टर नागपूरहून आला, तर "ज्यायले खुर्चीवर बसाचं भेव वाटते त्यायच्यासाठी" असं पुकारी. पंचायतीच्या संडास योजनेला तर त्यानं "सकाळच्या कामाची खोली" असं नाव दिलं होतं, आणि गावात ते रुळलंही होतं. घरात टीव्हीवर बायकांच्या महिन्याच्या अडचणीची जाहिरात लागली, की त्याला एकदम ऑटोच्या टायरमधली हवा आठवायची. जाहिरात संपेपर्यंत तो बाहेर टायर दाबत उभा राही. त्या ऑटोच्या टायरइतकी निगा पांढुर्णा तहसिलीत दुसऱ्या कुठल्या टायरची झाली नसेल.

तर अशा या माणसाकडे एके दिवशी आशाबाई आली. तिचं नाव सुधा, पण गावात ती आशा कार्यकर्ती, म्हणून लहानथोर सगळे तिला आशाबाईच म्हणत. तिनंही वाद घालणं सोडून दिलं होतं.

"गुणवंताभाऊ, परवा समाजभवनात शिबिर हाय," ती म्हणाली. "सौसरहून गायत्री मॅडम येऊन रायल्या. बच्चेदानीच्या तोंडाचा कॅन्सर असते ना, त्याची तपासनी. तीस वर्साच्या वरच्या बायायसाठी. आपल्या बाया पिशवी म्हनतेत, तं तसंच सांगजा. पिशवीच्या तोंडाची तपासनी. समजलं?"

"समजलं, समजलं," गुणवंता म्हणाला. हे म्हणताना तो आशाबाईकडे सोडून बाकी सगळीकडे पाहत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिगावच्या स्टेशनच्या चौकात ऑटो लागला. समोर पानठेल्यावर देवीदास आणि मंडळी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसलेली. गुणवंतानं घसा खाकरला, माईक तोंडाशी धरला आणि सुरू केलं.

"ऐका हो ऐका! माता-भगिनींनो, उद्या सकाळी धा वाजता, समाजभवनात, मोफत तपासनी! पि…"

तो 'पि' भोंग्यातून निघाला आणि चौकभर घुमला. पानठेल्यावरच्या माना वळल्या. देवीदासचा खर्रा हातातच राहिला. गुणवंताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण दवंडीवाला तो दवंडीवालाच, अडला तरी थांबत नाही.

"पि… पिन्याचं पानी सोबत आनावं! तोंडाच्या कॅन्सरची मोफत तपासनी! मुंह के कैंसर की निःशुल्क जांच!"

शब्द एकच तर गाळला, त्यानं मनाशी म्हटलं. तोंड तर सांगितलं ना! कुठलं तोंड, ते डॉक्टरीणबाई सांगतील, त्यासाठीच त्या शिकल्या.

"काय बे गुणवंता," देवीदास पानठेल्यावरून ओरडला, "फक्त बायायचीच तपासनी काय? बायायची तोंडं तं ठणठणीत चालून रायली, खराब तं आमची झाली!"

ही गोष्ट गुणवंताला पटली. बायकांसाठी तोंडाची तपासणी आणि खर्रा खाणारे बापे वाऱ्यावर, हे ऐकायलाही विचित्र वाटत होतं. उदार मनानं त्यानं "माता-भगिनींनो"च्या पुढे "आणि बंधूंनो" जोडून टाकलं आणि गावाला फेरी मारली. स्वतःच्या दारावरून जाताना तर आवाज जरा चढवलाच.

शिबिराच्या दिवशी गायत्री मॅडम सौसरहून गाडी भरून सामान घेऊन आल्या. पडदे लागले, टेबल लागलं, नर्सबाईनं हातमोजे बाहेर काढून ठेवले. आणि बाहेर पाहतात तो काय, समाजभवनाच्या पायऱ्यांपासून पार चिंचेच्या झाडापर्यंत बाप्यांची रांग! प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली. कुणी राखुंडीनं, कुणी मिठानं दात घासून आलेला. देवीदासनं तर सकाळपासून खर्रा खाल्ला नव्हता, त्यामुळे त्याचे हात थरथरत होते आणि तो पहिल्या नंबरावर होता. नर्सबाई पाणी आणायला गेली तेवढ्यात तो आत शिरला आणि टेबल पाहून आपणच त्यावर आडवा झाला.

मॅडम पडद्याआड आल्या, तर टेबलावर देवीदास, तोंडाचा आ.

"तुम्ही इथं काय करताय?"

देवीदासनं तोंड मिटलं नाही, न जाणो नंबर जायचा. त्यानं नुसतं बोटानं तोंडाकडे दाखवलं.

गायत्री मॅडम कडक, पण मनानं चांगल्या होत्या. आलेच आहात तर म्हणून त्यांनी सगळ्यांच्या तोंडात टॉर्च मारला आणि सगळ्यांना खर्रा सोडायला सांगितलं. सगळ्यांनी उद्यापासून सोडतो असा शब्द दिला. बायका मात्र आशाबाईनं हाताला धरून आणलेल्या तेवढ्याच. बाकीच्यांनी भोंगा ऐकला होता. आम्ही कुठं खर्रा खातो, असं म्हणून त्या कपाशी वेचायला निघून गेल्या होत्या.

मॅडमनी गुणवंताला बोलावलं.

"भाऊ, काय पुकारलंत तुम्ही?"

"तोंडाचं, मॅडम."

"कुठल्या तोंडाचं?"

गुणवंता जमिनीकडे पाहू लागला. "ते… म्हंजे आतल्या… मॅडम, तुमी समजूनच घ्या ना जी."

"मी समजले हो. बायकांना समजायला हवं होतं." मॅडमचा आवाज चढला नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. "हा कॅन्सर एका रात्रीत येत नाही, भाऊ. वर्षानुवर्षं आत चूपचाप तयारी करतो. त्या आधीच्या पायरीवर सापडला तर कॅन्सर होऊच देत नाही आपण. पण त्यासाठी बाईनं यावं लागतं, आणि येण्यासाठी तिला कळावं लागतं."

गुणवंता हो हो म्हणाला. संध्याकाळपर्यंत लागलेलं निम्मं ओसरलं आणि देवीदासचं टेबलावरचं दर्शन तेवढं उरलं. घरी जेवायला बसल्यावर त्यानं ते साग्रसंगीत करून दाखवलं. आ वासून, बोट दाखवून. प्रणालीला हसता हसता ठसका लागला. वंदना चुलीपुढे भाकरी थापत होती. ती हसली नाही.

"म्हंजे पिशवीच्या तोंडाची होती काय तपासनी?" तिनं विचारलं.

"तेच तं! आन् हा देवीदास…"

"प्रणाली, जाय, काकूकून विरजन आन."

पोरगी गेली. वंदनानं भाकरी तव्यावर टाकली आणि त्याच्याकडे पाठ करूनच म्हणाली, "मले जायाचं होतं."

"कुठी?"

"शिबिरात. आशाबाईनं मागं एक डाव सांगतलं होतं, का असं होनार हाय म्हून. मी वाट पाहून रायली होती. तुमचा भोंगा दारावून गेला, तं मी कान देऊन आयकलं. तुमी म्हनले तोंडाची. म्हून नाई गेली."

"पन तुले कायले जायाचं होतं?"

वंदनानं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "मधातच रक्त जाऊन रायलं. पाळी नसतानी. दिवाळीपासून."

गुणवंताच्या हातातला घास ताटात पडला. "दिवाळीपासून? आन् सांगतलं काऊन नाई वं?"

"कोनाले सांगू? तुमाले?" आता ती वळली. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. "तुमी टायरातली हवा पाहाले जाता."

त्या रात्री गुणवंताला झोप लागली नाही. आपण लाजरे आहोत, हे त्याला आजवर एक प्रकारचं सज्जनपण वाटत आलं होतं. चारचौघांत कसं बोलावं हे आपल्याला कळतं, असा त्याचा समज. त्या सज्जनपणानं आपल्याच बायकोला आपल्याच तोंडानं घरी बसवलं, हे त्याच्या काळजाला जाऊन भिडलं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ही लाज नेहमीच्या लाजेसारखी मुळीच नव्हती.

सकाळी त्यानं वंदनाला ऑटोत बसवलं आणि सौसरचा रस्ता धरला. टपावरचा भोंगा काढायचं सुचलं नाही. त्यामुळे वाटेत गावोगाव लोक हात करून थांबवत, "काय ऐलान हाय जी?" म्हणून विचारत. "काई नाई, काई नाई," म्हणत तो पुढे जाई. काहीच ऐलान नसलेला गुणवंता लोकांनी पहिल्यांदाच पाहिला.

मॅडमनी वंदनाला तपासलं, पिशवीच्या तोंडाशी छोटा ब्रश फिरवून नमुना घेतला आणि पुढं पाठवला. काही दिवसांनी बोलावणं आलं. "एचपीव्ही नावाचा विषाणू असतो, त्याची तपासणी केली होती," मॅडम म्हणाल्या. "पॉझिटिव्ह आली आहे."

पॉझिटिव्ह हा शब्द ऐकताच गुणवंता खुर्चीसकट मागं सरकला. करोनात त्यानंच तो शब्द भोंग्यातून पुकारून पुकारून गावाच्या मनात बसवला होता. "म्हंजे हिले खोलीत बंद ठेवा लागन काय जी? चौदा दिवस?"

"नाही हो भाऊ. तो प्रकार वेगळा. आणि पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सरही नाही, आधी हे डोक्यात घ्या." मॅडमनी वंदनाकडे वळून सावकाश सांगितलं. "हा विषाणू इतका सर्रास आहे, की नवराबायकोचं नातं असलेल्या बहुतेक माणसांना तो आयुष्यात कधी ना कधी गाठतोच. बहुतेकांचं शरीर त्याला वर्षा-दोन वर्षांत हाकलून देतं, कळतसुद्धा नाही. काही जणींच्या पिशवीच्या तोंडाशी तो ठाण मांडून बसतो. तिथं मग पेशी हळूहळू बिघडतात. आपल्याला त्या बिघडलेल्या पेशीच शोधायच्या आहेत."

"आन् येते कुठून तो?" वंदनानं विचारलं.

"संबंधातून."

वंदनानं मान वळवून नवऱ्याकडे एकदा पाहिलं. लग्नाआधी गुणवंता वर्षभर एका फिरत्या जत्रेत मौत का कुआँच्या बाहेर माईकवर होता, त्या वर्षाबद्दल त्यानं घरात फारसं कधी काही सांगितलं नव्हतं. तो घाईघाईनं म्हणाला, "वंदना, मी तं…"

"कुणाकडून, कधी, हे कुठल्याच तपासणीत कळत नाही," मॅडम मध्येच म्हणाल्या. "दहा वर्षं गप्प बसून मग दिसू शकतो. त्यावरून भांडू नका. उपयोग नाही."

"राहू द्या," वंदना नवऱ्याला म्हणाली. "मॅडम म्हनून रायल्या, भांडू नका. घरी गेल्यावर पाहू."

त्यानंतर मॅडमनी पातळ व्हिनेगर लावून, भिंगातून आत पाहिलं. एक पांढरा डाग दिसला. रक्त जात होतं, म्हणून नुसत्या डागावर न थांबता त्यांनी कणभर तुकडा काढून तपासायला धाडला. निघताना प्रणालीचं वय विचारलं आणि म्हणाल्या, "पोरीला याची लस देऊन टाका. याच वयात द्यायची असते, म्हणजे तिच्यावर ही वेळ यायची शक्यता पुष्कळ कमी होते."

तुकड्याचा रिपोर्ट यायचे दिवस गुणवंताला जड गेले. वंदना नेहमीसारखी कामाला लागली होती. बिघडला होता तो. साडीच्या सेलचं ऐलान त्यानं मयताच्या सुरात केलं, आणि बायका डोळ्याला पदर लावून दुकानात शिरल्या. एका मयताच्या ऐलानात "मर्यादित काळासाठी" असं म्हणून गेला. शेवटी एका शनिवारी तो जामसांवलीला जाऊन मारुतीपुढे हात जोडून उभा राहिला. पण तिथंही पंचाईत. ब्रह्मचारी देव, त्याला हे कुठल्या शब्दांत सांगावं? बराच वेळ ओठ हलवून झाल्यावर तो म्हणाला, "देवा, माह्यी बायको चांगली कर. बाकीचं तुले आशाबाई सांगन."

रिपोर्ट आला. मॅडमनी तो वाचला तेव्हा वंदनानं नवऱ्याचा हात, आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत, घट्ट धरला होता.

"कॅन्सर नाही," मॅडम म्हणाल्या. "पण त्या वाटेवर निघालेल्या पेशी आहेत. आणखी काही वर्षं अशीच गेली असती तर कठीण होतं. तेवढा भाग आपण काढून टाकू, म्हणजे झालं."

गुणवंताला रडू फुटलं. एवढ्या कमावलेल्या आवाजाचा माणूस, पण रडणं अगदी बारीक, चिरकं निघालं. वंदना आधी रडली, मग त्याचा आवाज ऐकून हसली.

तो भाग काढला त्या दिवशीच ती घरी आली. महिनाभर जवळ जायचं नाही असं मॅडमनी सांगितलं, तेव्हा गुणवंताचे पाय सवयीनं टायरकडे वळले. पण तो थांबला आणि मान डोलावून "हो जी" म्हणाला. वर्षानं पुन्हा तपासायला यायचं ठरलं.

वंदना बरी झाली आणि मॅडमचा फोन आला. "भाऊ, परवा लोधीखेड्याला शिबिर आहे. ऐलान तुम्हीच करा. पण या खेपेला शब्द गिळू नका."

"मी बी येते," दुसऱ्या दिवशी निघताना वंदना म्हणाली आणि ऑटोत मागं जाऊन बसली.

लोधीखेड्याचा बाजार भरला होता. गुणवंतानं ऑटो मधोमध लावला, घसा खाकरला आणि "ऐका हो ऐका" दणक्यात झालं. "उद्या सकाळी धा वाजता मोफत तपासनी! पि…"

आणि आवाज बसला. मनात सगळं तयार होतं, रात्रभर घोकलेलं होतं. पण समोर मिरच्यावाला पाहत होता, चहावाला पाहत होता, आणि जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच. "पि… पि…" भोंगा म्हणत राहिला. पोरं हसायला लागली.

मागून हात आला आणि माईक गेला. भोंग्यातून आधी एक किंचाळी निघाली, कारण वंदनानं माईक कढईच्या झाऱ्यासारखा धरला होता.

"ओ बाया हो!" ती म्हणाली. बाजार गप्प झाला. बाईचा आवाज भोंग्यातून कुणी ऐकला नव्हता. "हा मानूस लाजते. मागच्या डावी यानं अर्धंच सांगतलं आन् बापेच जाऊन बसले टेबलावर. मी सांगते. पिशवी. पिशवीच्या तोंडाची तपासनी हाय. पोरं ज्या पिशवीत रायतेत ना, ते. मलेच झालं होतं. मधातच रक्त जात होतं, मी कोनाले सांगतलं नाई. तपासलं, इलाज केला, आता चांगली हाव. ज्यायले काई त्रास नाई, त्यायनंबी या. त्रास नसतानीच याचं असते. आन् बाप्यायनो, तुमी घरीच राहा!"

पहिल्यांदा हालचाल झाली ती किराणा दुकानात. 'पिशवी', 'तपासनी' एवढंच कानी पडल्याबरोबर दुकानदारानं प्लास्टिकच्या पन्न्यांचा गठ्ठा गल्ल्याखाली सारला आणि कागदाचे पुडे पुढं मांडले. प्लास्टिकबंदीची धाड घालायला नगर परिषद आली, असं त्याला वाटलं. मग बायका हसायला लागल्या, आणि हसता हसता ऑटोभोवती जमल्या. वंदना मागच्या सीटवर बसून एकीला दुखते का, दुसरीला किती वेळ लागते, तिसरीला लस कोणत्या वयात, असं काय माहीत होतं ते सांगू लागली. जे माहीत नव्हतं ते मॅडमला विचारा म्हणाली.

गुणवंता हँडलवर हात ठेवून बसला होता. कान अजून लाल होते. पण बायकोचा असा आवाज आहे हे इतक्या वर्षांत आपल्याला ठाऊकच नव्हतं, याचं त्याला आतून कौतुक वाटत होतं आणि थोडं वाईटही.

एवढ्यात एक बाई मागच्या घोळक्यात न जाता पुढं, त्याच्याच बाजूला आली. चाळिशीची असावी. डोक्यावर पदर, हातात मेथीची जुडी.

"भाऊ, उद्या कायची तपासनी म्हनली जी? मले नीट आयकू नाई आलं."

सगळ्या लोधीखेड्याला ऐकू आलं होतं. हिलाही आलं असणार. गुणवंतानं तिच्याकडे पाहिलं. ती मेथीची पानं उगाच खुडत होती.

"पिशवीच्या तोंडाची, ताई," तो म्हणाला. माईक नव्हता, तरी स्पष्ट म्हणाला. "मधातच रक्त जात असंन, तं उद्याची वाट नोका पाहू. मॅडमले आत्ताच फोन लावतो."

बाईनं आजूबाजूला पाहिलं. मेथीची जुडी तिनं ऑटोच्या सीटवर ठेवली.

"लावा," ती म्हणाली.